ट्रॅक्टरला टेप बसवताय? आधी फ्यूज बघा, मग स्पीकर

गळीत हंगाम सुरू झाला की आमच्याकडं रात्री ट्रॅक्टर दिसायच्या आधी ऐकू येतो. आधी गाणं, मग हेडलाईट, मग उसानं भरलेल्या दोन ट्रॉल्या. मी स्वतः शेतकरी आहे, घरचा ट्रॅक्टर हंगामात ऊस ओढायला असतो आणि त्यावर टेप पण आहे. त्यामुळं "टेप काढून टाका" असं सांगायला हा लेख लिहिलेला नाही. पहाटे काट्यावरून रिकामी ट्रॉली घेऊन एकटं परत यायचं म्हटलं की गाण्याची सोबत काय असते, ते बसणाऱ्यालाच कळतं. पण टेप बसवताना मी दोन चुका केल्या आणि दोन्ही अंगाशी आल्या. त्या तुमच्याकडनं होऊ नयेत म्हणून हे लिहितोय.

पहिली चूक वायरीची. दोन हंगामांपूर्वी बाजारात एका वायरिंगवाल्याकडनं सेट बसवून घेतला. अर्ध्या तासात काम झालं, गाणी सुरू झाली, मी खूश. त्यानं बॅटरीच्या प्लसवरून एक बारीक लाल वायर काढली, डॅशबोर्डच्या पत्र्याच्या भोकातनं आत घेतली आणि थेट सेटला जोडली. मध्ये फ्यूज नाही. भोकाला रबर नाही. तीन महिन्यांत पत्र्याच्या कडेनं वायरीचं प्लास्टिक घासून घासून आतलं तांबं उघडं पडलं. फडात ट्रॉली भरत असताना डॅशबोर्डच्या खालनं धूर यायला लागला. किल्ली बंद केली तरी धूर थांबेना, कारण ती वायर किल्लीतनं आलेलीच नव्हती. खाली सगळीकडं वाळलेलं पाचट. टोळीतल्या एकानं कोयत्याच्या मुठीकडनं वायर हिसकून तोडली म्हणून ट्रॅक्टर वाचला, आणि फडही वाचला.

आता हे का झालं ते समजून घ्या, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. आपल्या ट्रॅक्टरची बॅटरी १२ व्होल्टची. १२ व्होल्टचा शॉक लागत नाही म्हणून आपण तिला भीत नाही. पण सेल्फ मारताना हीच बॅटरी दोन-तीनशे अँपियर करंट सोडते. तिच्या प्लसची वायर बॉडीला टेकली की तेवढाच करंट त्या बारीक वायरीतनं पळतो आणि वायर लाल होते. बॉडी म्हणजे बॅटरीचा मायनस, हे कायम डोक्यात ठेवायचं. ट्रॅक्टरचा अख्खा पत्रा मायनस आहे, प्लसची वायर कुठंही टेकली तरी शॉर्टच.

म्हणून फ्यूज. पण फ्यूज असून भागत नाही, तो कुठं आहे याला महत्त्व. सेटच्या मागं कंपनीचा एक छोटा फ्यूज असतोच, बहुतेक १० किंवा १५ अँपियरचा. तो सेटला वाचवतो, वायरीला नाही. वायर बॅटरीपासून सेटपर्यंत कुठंही घासली तर मागचा फ्यूज काय करणार? करंट त्याच्यापर्यंत पोचतच नाही. वायरीला वाचवणारा फ्यूज बॅटरीच्या प्लसपासून वीतभर अंतरात पाहिजे. पावसात चालणारा, टोपण असलेला फ्यूज होल्डर मिळतो, दोन-चार वडापावच्या पैशात येतो. नुसता टेप असेल तर १५ अँपियरचा फ्यूज पुरतो. आणि तो उडाला की त्यावर चांदीचा कागद गुंडाळायचा नाही, वायरीची तार घालायची नाही. उडाला म्हणजे कुठं तरी काही तरी टेकलंय, ते आधी शोधायचं.

पेटीवरच्या वॅटवर जाऊ नका

सेटच्या आणि स्पीकरच्या पेटीवर काही पण लिहिलेलं असतं. ५०० वॅट, १००० वॅट. हिशोब करायला कॉलेज लागत नाही. वॅट भागिले व्होल्ट म्हणजे अँपियर. १००० भागिले १२ म्हणजे ८३ अँपियर. आणि त्याच सेटच्या मागं फ्यूज किती? १५ अँपियर. १५ गुणिले १२ म्हणजे १८० वॅट. सेट बॅटरीकडनं जास्तीत जास्त १८० वॅट घेऊ शकतो आणि त्यातला बराच भाग नुसता तापण्यात जातो, मग १००० वॅटचा आवाज येणार कुठनं? स्पीकर घेताना त्यावर आरएमएस वॅट किती लिहिलेत ते विचारा. तोच खरा आकडा, बाकीचे गिऱ्हाईक ओढायला.

दुसरा हिशोब अल्टरनेटरचा. माझ्या ट्रॅक्टरच्या अल्टरनेटरवर ३६ अँपियर लिहिलंय. हे फुल रेसवर, स्लोवर त्याहून बरंच कमी. त्यातनं ५५ वॅटचे दोन हेडलाईट म्हणजे नऊ अँपियर गेले, मागचा कामाचा दिवा साडेचार, टेल लाईट, इंडिकेटर, मीटर मिळून दोन-तीन. सोळा-सतरा इथंच संपले. उरलेल्यात बॅटरी पण चार्ज व्हायची असते. त्यात टेप आरामात बसतो. पण त्याच्यावर मोठा अँप्लिफायर, बास, निळे-जांभळे दिवे, प्रेशर हॉर्न चढवत गेलात की बॅटरी दर हंगामाला बदलावी लागते आणि आपण बॅटरीवाल्याला शिव्या देत बसतो. जुन्या डायनामोच्या ट्रॅक्टरला तर अँप्लिफायरचा विचारच करू नका.

(निळ्या दिव्यांवरून आठवलं. आमच्या रस्त्यावर अशा ट्रॉल्या बघितल्यात की पुढं रोषणाई लग्नाच्या वरातीसारखी आणि मागच्या ट्रॉलीला ना टेल लाईट ना रिफ्लेक्टर. टेपचे पैसे हातात आलेच असतील तर आधी मागचा रिफ्लेक्टर घ्या. मोटरसायकलवाला मागनं येतो, त्याला गाणं ऐकून ट्रॉली दिसत नाही.)

इंजिन बंद करून टेप वाजवायची सवय तर फारच. कारखान्याच्या तळावर नंबर लागेपर्यंत रात्र जाते, ड्रायव्हर गाणी लावून झोपतो. टेप मध्यम आवाजात पाच अँपियर खातो असं धरा. आठ तासांत ४० अँपियर-तास गेले. बॅटरी ७५ ची असली तर निम्म्याहून जास्त रिकामी, आणि सेल्फची बॅटरी अशी वारंवार खाली गेली की लवकर मरते. पहाटे नंबर आला, सेल्फ फिरेना, पुढं दोन भरलेल्या ट्रॉल्या. ढकलणार कोण? मागचे सगळे हॉर्न वाजवतात. तळावर ऐकायला मोबाईलवर चार्ज होणारा छोटा ब्लूटूथ डबा ठेवा, ट्रॅक्टरची बॅटरी सेल्फसाठी राहू द्या.

जोडणी कशी करायची

कामाला हात लावायच्या आधी बॅटरीची मायनसची वायर काढायची. प्लस आधी काढायला गेलात आणि पाना बॉडीला टेकला तर तिथंच ठिणगी. जोडताना उलट, मायनस सगळ्यात शेवटी. हुडाला किंवा बॉडीला पट्टी वेल्डिंग करून घेणार असाल तरी बॅटरीच्या दोन्ही वायरी काढून ठेवायच्या, नाही तर अल्टरनेटर जायची भीती असते.

वायर तांब्याची, २.५ चौरस मिलिमीटरची घ्या. घरातल्या प्लगला वापरतो तेवढी जाड, पण बारीक तारांची, मऊ. बारीक वायरीत नुसती गरम होण्याची भीती नसते, आवाजपण मरतो. १ चौरस मिलिमीटरची वायर बॅटरीपासून हुडापर्यंत तीन मीटर नेली, तेवढीच परत मायनसला आणली, आणि दहा अँपियर करंट गेला तर एक व्होल्टच्या वर वायरीतच जातो. मग बास आला की सेट बंद होतो, परत चालू होतो, आणि आपण म्हणतो सेट खराब निघाला.

सेटच्या मागच्या वायरींचे रंग बहुतेक ठरलेले असतात. पिवळी म्हणजे बॅटरीतनं कायमची, लाल म्हणजे किल्लीतनं आलेली, काळी म्हणजे बॉडी. निळी अँटेना किंवा अँप्लिफायरला चालू करायची, ती नको असेल तर टोकाला टेप मारून ठेवा. पांढरी, करडी, हिरवी, जांभळी या स्पीकरच्या. प्रत्येक रंगाच्या दोन-दोन असतात, साधी ती प्लस आणि काळी रेघ असलेली ती मायनस. स्वस्त सेटमध्ये रंग बदललेले सापडतात, म्हणून सेटवरचं स्टिकर वाचूनच जोडा.

पिवळी वायर थेट बॅटरीला असली तर सेटला वेळ आणि एफएमची स्टेशनं लक्षात राहतात. मोटारीत ते ठीक. ट्रॅक्टर पावसाळ्यात पंधरा-पंधरा दिवस गोठ्याशेजारी उभा असतो, तिथं कायम चालू वायर कशाला हवी? मी पिवळी आणि लाल एकत्र करून दोन्ही रिलेतनं घेतल्यात. रिले म्हणजे छोटी काळी डबी, हॉर्नला असते तीच. तिच्या पायांवर नंबर असतात. बॅटरीच्या प्लसवरून फ्यूज, फ्यूजमधनं वायर ३० नंबरला. ८७ नंबरमधनं निघालेली वायर सेटच्या पिवळ्या-लाल वायरींना. ८५ बॉडीला. ८६ ला किल्ली ऑन केल्यावर करंट येणारी एक बारीक वायर, तीही ट्रॅक्टरच्या फ्यूजमधनं पुढं आलेली. किल्ली फिरवली की रिले टक् करतो आणि सेटला थेट बॅटरीचा दमदार करंट मिळतो. किल्ली काढली की सगळं मेलं. किल्लीच्या स्विचवर जास्तीचा भार पण येत नाही. स्टेशनं विसरली तरी चालतं, आता एफएम ऐकतंय कोण, सगळी मोबाईलवरनंच लावतात.

५० एचपीच्या वरचा २०२३ नंतरचा नवा ट्रॅक्टर असेल तर थांबा. नव्या प्रदूषण नियमानं त्यांच्या इंजिनाला कॉम्प्युटर आलाय. त्याच्या वायरींना मध्येच सोलून जोड मारला तर चेक लाईट लागतो आणि वॉरंटीवर वाद होतो. तिथं ८६ ची वायर कुठनं घ्यायची ते डीलरच्या मिस्त्रीलाच विचारा.

वायरींना नुसता पीळ मारून चिकटपट्टी गुंडाळायची नाही. ट्रॅक्टर दिवसभर थरथरतो, पीळ सैल होतो, उन्हानं चिकटपट्टीचा डिंक सुटतो. टोकाला थिंबल दाबून घ्या. जिथं वायर पत्र्यातनं जाते तिथं रबराचा ग्रोमेट बसवा. माझं सगळं रामायण त्या पाच रुपयांच्या रबरावरून झालं. बाहेरून कोरुगेटेड पाइप घाला आणि सायलेन्सर, फॅन बेल्ट, डिझेलचा पाइप यांच्यापासून लांबनं न्या. स्टेअरिंग पूर्ण दोन्हीकडं फिरवून, क्लच दाबून बघा, वायर कुठं ओढली जात नाही ना.

स्पीकरच्या बाबतीत एक गोष्ट पुष्कळजण चुकतात. जुन्या टेपला स्पीकरचा मायनस बॉडीला दिला तरी चालायचं. आत्ताच्या सेटला ते केलं की आतला आयसी जळतो. प्रत्येक स्पीकरच्या दोन्ही वायरी सेटपर्यंतच आणायच्या, बॉडीला काहीच लावायचं नाही. दोनच स्पीकर असतील तर उरलेल्या वायरींची टोकं वेगवेगळी टेप मारून ठेवा, एकमेकांना टेकू देऊ नका. आणि ४ ओहमचे दोन स्पीकर एकाच जोडीवर लावू नका, सेट तापून बंद पडतो.

स्पीकर कानाजवळ पाहिजे, रस्त्याकडं नको

आता माझी दुसरी चूक. धुरानंतर वायरिंग नवीन केलं, पण स्पीकर मोठे घेतले आणि मागं मडगार्डवर तोंड मागं करून बसवले, सगळे तसेच बसवतात म्हणून. एकदा संध्याकाळी दुसरी ट्रॉली जोडायला ट्रॅक्टर मागं घेत होतो. टोळीतला पोरगा पिन धरून हुकाजवळ उभा. गाणं चालू. तो "मालक, थांबा, थांबा!" म्हणून ओरडला, मला काहीच ऐकू आलं नाही. त्याची बायको पुढनं हात हलवत पळत आली तेव्हा ब्रेकवर पाय गेला. त्याच्या दोन बोटांची नखं गेली, हाड वाचलं. दवाखान्यात तो मलाच म्हणत होता, "असू द्या मालक." त्या रात्री मला झोप लागली नाही.

मोकळ्या जागेत स्पीकरपासून अंतर दुप्पट झालं की आवाज ६ डेसिबलनं कमी होतो. ड्रायव्हरच्या डोक्यापासून आठ फुटांवरच्या स्पीकरपेक्षा दोन फुटांवरचा स्पीकर त्याच्या कानाला १२ डेसिबलनं जास्त ऐकू येतो. म्हणजे तेवढंच गाणं ऐकायला सोळावा हिस्सा ताकद पुरते. मागं तोंड करून लावलेला मोठा स्पीकर गावाला ऐकवतो आणि पिनवाल्याच्या कानात ओरडतो. आपल्याला कमी ऐकू येतं म्हणून आपण आणखी वाढवतो.

मग मी चार इंची दोन साधे स्पीकर हुडाच्या आत, डोक्याच्या दोन्ही बाजूंना, खाली कानाकडं तोंड करून लावले. पाण्यात टिकणारे, प्लास्टिकच्या कागदाचे घ्या, साध्या कागदाचा स्पीकर पहिल्या पावसात फुगतो. तोंड खाली असलं की पाणी आणि धूळ साठत नाही. फायबरच्या हुडाला नुसता स्क्रू मारू नका, महिन्यात भोक मोठं होऊन स्पीकर डोक्यात पडेल. हुडाच्या पाइपाला यू-क्लॅम्प लावा, नाही तर फायबरच्या मागं पत्र्याची पट्टी ठेवून आरपार बोल्ट घ्या. नायलॉक नट आणि मध्ये रबराचा वायसर. सीटच्या मागं उलटल्यावर वाचवणारी लोखंडी कमान असेल तर तिला भोक पाडू नका आणि वेल्डिंग करू नका, ती जीवासाठी आहे. आणि काही झालं तरी सीटवरनं मागं वळून बघितल्यावर हूक दिसला पाहिजे, स्पीकरचा डबा मध्ये येता कामा नये.

सेट पण हुडाखालीच, पुढच्या बाजूला, रबरावर बसवलाय. पण सगळ्यात कामाची वस्तू निघाली ती साधं बटण. रिलेच्या ८६ नंबरच्या वायरीत एक बटण घालून ते हायड्रॉलिकच्या दांडीजवळ लावलं. ट्रॅक्टर रिव्हर्सला टाकायच्या आधी हात तिथंच असतो. बटण दाबलं की गाणं बंद. ट्रॉली जोडताना, पीटीओ चालू असताना, रोटाव्हेटरजवळ माणूस असताना, वस्तीतनं जाताना टेप बंदच असतो. पिनवाला पोरगा आता आधी बटणाकडं बघतो, मग हुकाकडं जातो.

कानाचंही ऐका. केबिन नसलेल्या ट्रॅक्टरच्या सीटवर इंजिनाचाच आवाज ९० डेसिबलच्या आसपास असतो. ८५ डेसिबलला आठ तास ही मर्यादा धरतात आणि दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो. ८८ ला चार तास, ९१ ला दोन. त्याच्यावर गाणं चढवायचं म्हणजे कान रोज थोडा थोडा जातो. सायलेन्सर फुटका असेल तर आधी तो बदला, गाणं आपोआप कमी आवाजात ऐकू येईल. कानात इअरफोन घालून ट्रॅक्टर चालवणं तर बिलकूल नको. मागच्याचा हॉर्नच ऐकू येत नाही.

कायद्याचं थोडक्यात. ध्वनी प्रदूषणाचे नियम २००० सालचे आहेत. रात्री १० ते सकाळी ६ सार्वजनिक ठिकाणी लाऊडस्पीकर वाजवायला बंदी, आणि दवाखाना, शाळा, कोर्ट यांच्या भोवतीचा शंभर मीटरचा भाग शांतता क्षेत्र धरतात. ऊस रात्रीच ओढायचा असतो, त्यामुळं हे आपल्यालाच लागू. हंगामात पोलिसांनी अडवलं तर "सगळेच वाजवतात" हे उत्तर चालत नाही. हुडाखालचे दोन छोटे स्पीकर रस्त्यावरच्या माणसाला ऐकूच येत नाहीत, तिथं प्रश्नच मिटतो.

सगळं जोडून झाल्यावर इंजिन चालू केलं आणि रेस वाढवेल तशी स्पीकरमधनं शिट्टीसारखी कुईं वाढत गेली, तर सेट खराब नाही. काळी वायर हुडाच्या गंजलेल्या स्क्रूला लावलेली असणार. रंग खरवडून स्वच्छ केलेल्या लोखंडावर लावा, नाही तर सरळ बॅटरीच्या मायनसपर्यंत न्या. बऱ्याचदा तेवढ्यानंच जाते. मोबाईल ट्रॅक्टरवर चार्जिंगला लावून त्याच मोबाईलची वायर सेटला दिली तरी अशी कुईं येते, तेव्हा चार्जर काढून बघा. गाणं खड्ड्यात गेल्यावर तुटत असेल तर थिंबल सैल आहे. आणि फ्यूज होल्डरला अधूनमधून हात लावून बघत जा, गरम लागला तर आतला पत्ता गंजलाय. तो बदला, मोठा फ्यूज घालू नका.